बँकेची शाखाही परीक्षा देते: मॅनेजरचं प्रगतिपुस्तक वाचा, मग कर्जाचा अर्ज लिहा



या आठवड्याच्या व्हिडिओत वेळेअभावी जे राहून गेलं, ते इथे सविस्तर लिहितोय. आधीच सांगतो, या लेखात माझी एक चूकही आहे. ती लपवून लेख पूर्ण होणार नाही.

अर्नाळ्याला छोट्या उद्योजकांची कार्यशाळा होती. विरार स्टेशनवरून आगाशीमार्गे अर्नाळ्याला उतरलं की एका बाजूला भाजी-फुलांच्या वाड्या आणि पुढे समुद्र. बांबूच्या दांड्यांवर वाळणारे बोंबील, किनाऱ्याला लागलेल्या होड्या, पलीकडे बेटावरचा किल्ला. कार्यशाळेत पंचवीस-तीस जण होते. कुणी मासळीवाले, कुणी रिसॉर्टला जेवण पुरवणारे, एकदोन भाजीचे, एक मुलगा मोबाईल दुरुस्तीवाला.

शेवटी प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा मागच्या रांगेतून एक ताई उठल्या. सुक्या मासळीचा धंदा. बोंबील, जवळा, बांगडा वाळवून, साफ करून, पाकिटं करून विकायच्या. म्हणाल्या,

"सर, मी दोन लाख मागितले होते. बँकेनं नाही म्हटलं. माझी कुठे एक रुपयाची थकबाकी नाही. कुणाचा चेक परत गेला नाही. मग मी नापास कशी झाले?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी पुढचं वाक्य टाकलं. "आणि तुम्ही सांगितलं होतं तसं पन्नास हजाराचं एफडीपण ठेवलं होतं त्याच शाखेत."

खरं होतं. आदल्या वर्षी मीच सांगितलं होतं, "शाखेत एफडी ठेवा, मॅनेजरशी ओळख वाढवा, संबंध जपा, एफडीला हात लावू नका." ताईंनी अक्षरशः तसंच केलं. मार्चमध्ये माल भरायला पैसे कमी पडले तेव्हा त्यांनी एफडी मोडलं नाही, व्यापाऱ्याकडून उचल घेतली. आणि उचल घेतली की काय होतं ते किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत आहे. माल त्याच व्यापाऱ्याला, आणि भावही तो म्हणेल तो.

म्हणजे ताईंचे स्वतःचे पन्नास हजार बँकेत झोपलेले आणि ताई उचलीवर. हा सल्ला माझा होता. म्हणून परत आल्यावर मी जरा मुळातून अभ्यास केला की बँकेची शाखा नेमकी कशावर पास-नापास होते. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

मॅनेजरच्या टेबलावर कोणते आकडे असतात?

आपल्याला वाटतं मॅनेजर म्हणजे राजा. प्रत्यक्षात त्यालाही वरून दर महिन्याला प्रगतिपुस्तक येतं. बँक सरकारी असो, खाजगी असो की सहकारी, विषय साधारण हेच असतात.

ठेवी. शाखेनं एकूण किती पैसे गोळा केले.

कासा. ठेवींपैकी चालू आणि बचत खात्यात किती आहेत. चालू खात्यावर बँक व्याज देत नाही, बचतीवर कमी देते. म्हणून हा पैसा बँकेला स्वस्त पडतो. एफडीवर जास्त व्याज द्यावं लागतं, म्हणून तो महाग.

कर्जवाटप आणि सीडी रेशो. शंभर रुपये ठेवी आल्या, त्यातले किती रुपये कर्ज म्हणून दिले.

एनपीए. जे कर्ज 90 दिवसांहून जास्त थकलं, ते अनुत्पादित. त्यावरचं व्याज प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत बँकेला उत्पन्न म्हणून धरता येत नाही आणि वरून नफ्यातून तरतूद बाजूला काढावी लागते. एका खात्याचा असा दुहेरी मार.

दरडोई व्यवसाय. ठेवी अधिक कर्ज, भागिले कर्मचारी.

शिवाय विमा विक्री, फी, तक्रारी, किती व्यवहार काउंटरवरून मोबाईलवर गेले, हे विषय आहेतच.

आता आपल्या ताईंचं एफडी या यादीत कुठे बसतं बघा. समजा अशा एका गावातल्या शाखेच्या ठेवी 30 कोटी आहेत. त्यात 50 हजार म्हणजे समुद्रात एक घागर. तेही कासात नाही, महाग पैशात. मॅनेजरनं हसून चहा पाजला असेल, पण प्रगतिपुस्तकात ताईंसाठी एक मार्कही वाढला नाही. माझा सल्ला इथेच फसला होता. मी बँकेला माणूस समजलो. बँकेची शाखा आकड्यांवर चालते.

दोन होड्यांची गोष्ट

आता प्रश्न असा की कुठली शाखा चांगली हे ठरवायचं कसं? हे कळायला किनाऱ्यावरच्या माणसाला पुस्तक लागत नाही.

समजा दोन होड्या संध्याकाळी परत आल्या. एकीनं 20 टोपल्या मासळी आणली, दुसरीनं 12. कोण हुशार? शहरातला माणूस म्हणेल पहिली. कोळी माणूस आधी विचारेल, डिझेल किती जाळलं? बर्फ किती नेला? खलाशी किती होते? कुठली मासळी? 20 टोपल्या मांदेली आणि 12 टोपल्या पापलेट यांची बरोबरी होते का?

म्हणजे काय घातलं आणि काय निघालं, दोन्ही बघायचं. आणि निघालेलं एकाच प्रकारचं नसतं हेही बघायचं.

बँक शाखांचं अगदी हेच दुखणं होतं. दरडोई व्यवसाय हा एकच आकडा धरला की मोठी खाती असलेली शहरी शाखा कायम पहिली. गावातली शाखा दिवसभर पासबुक भरून देते, पेन्शनवाल्या आजोबांना फॉर्म लिहून देते, दोन-दोन हजारांच्या नोटा मोजते. मोजते म्हणजे दहा-वीसच्या नोटांमध्ये दोन हजार. तो घाम त्या एका आकड्यात कुठेच दिसत नाही.

1978 साली चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स या तीन संशोधकांनी यावर गणिती पद्धत मांडली. नाव जड आहे, डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस. 1985 मध्ये शर्मन आणि गोल्ड यांनी ती अमेरिकेतल्या एका बचत बँकेच्या 14 शाखांना लावून दाखवली. त्यानंतर जगभर, आपल्याकडेही, बँकांच्या अभ्यासात ती वापरली गेली. नावाला घाबरू नका. कल्पना तिसरीतल्या मुलालाही समजेल अशी आहे.

एक बनवलेलं उदाहरण घेऊ. आकडे माझे आहेत, कुठल्या खऱ्या बँकेचे नाहीत.

पहिली शाखा, स्टेशनजवळ: कर्मचारी 12, व्यवसाय 120 कोटी, रोजचे व्यवहार 480.
दुसरी शाखा, किनाऱ्यावरच्या गावात: कर्मचारी 5, व्यवसाय 40 कोटी, रोजचे व्यवहार 300.
तिसरी शाखा, हायवेलगत: कर्मचारी 8, व्यवसाय 48 कोटी, रोजचे व्यवहार 280.

आता दरडोई काढा.

पहिली: 10 कोटी आणि 40 व्यवहार.
दुसरी: 8 कोटी आणि 60 व्यवहार.
तिसरी: 6 कोटी आणि 35 व्यवहार.

फक्त कोटी बघितले तर गावातली शाखा पहिलीच्या मागे. फक्त व्यवहार बघितले तर तीच सगळ्यांच्या पुढे. मग कुणाला वजन द्यायचं, कोटींना की व्यवहारांना? इथे या पद्धतीची गंमत आहे. ती प्रत्येक शाखेला म्हणते, "तुला ज्यात जास्त मार्क मिळतात त्या विषयाला तूच जास्त वजन घे. सगळ्यात सोयीची मोजपट्टी तूच निवड." पहिली शाखा कोटी निवडेल आणि पास होईल. दुसरी व्यवहार निवडेल आणि पास होईल.

तिसरी? तिनं काहीही निवडलं तरी पहिली शाखा तिच्या पुढेच आहे. कोटीतही पुढे, व्यवहारातही पुढे. स्वतःच्या सोयीची मोजपट्टी वापरूनही जो मागे राहतो, तो खरोखर मागे आहे. त्याला सबब उरत नाही. हिशेब मांडला तर तिसऱ्या शाखेची कार्यक्षमता साधारण 68 टक्के येते. म्हणजे ती 8 जणांत जे काम करते ते पहिल्या दोघींच्या पद्धतीनं साधारण साडेपाच जणांत व्हायला हवं.

आणि याचा सगळ्यात उपयोगी भाग पुढे आहे. ही पद्धत नुसतं "तू नापास" म्हणून थांबत नाही, कुणाकडे जाऊन शिकायचं तेही सांगते. तिसऱ्या शाखेनं पहिल्या आणि दुसऱ्या शाखेत जाऊन चार दिवस बसावं, तिथे काम कसं चालतं ते बघावं.

मर्यादाही लक्षात ठेवा. ही तुलना आपापसातली आहे. सगळ्याच शाखा ढिल्या असतील तर त्यातली कमी ढिली शाखाही शंभर टक्के ठरते. आणि काउंटरवरच्या माणसाचं बोलणं गोड की तिरसट, हे या गणितात आपोआप येत नाही, ते वेगळं मोजून घालावं लागतं.

आकडे फसवतात तेव्हा

मित्रांनो, जे मोजलं जातं तिकडे माणूस धावतो. बँकवालाही माणूस आहे. 31 मार्चला वर्षाचा आकडा बघायचा म्हटलं की मार्चच्या शेवटच्या आठवड्यात "चार दिवसांसाठी ठेव आणा ना" असे फोन जातात. एप्रिलमध्ये तो पैसा परत जातो. ताळेबंदात मात्र फोटो चांगला आला.

हे झालं किरकोळ. मोठी किंमत कशी मोजावी लागते ते मुंबई आणि परिसरातल्या लोकांनी पीएमसी बँकेच्या वेळी पाहिलं. वरवर आकडे ठीक दिसत होते. सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले आणि सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त 1,000 रुपये काढायची मुभा उरली. नंतर ती मर्यादा टप्प्याटप्प्यानं वाढली. कर्जाचा फार मोठा हिस्सा एकाच बांधकाम समूहाकडे अडकला होता आणि ते हजारो बनावट खात्यांआड झाकलं होतं, असं तपासात पुढे आलं. जानेवारी 2022 मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मधल्या काळात कितीतरी छोट्या दुकानदारांचं खेळतं भांडवल अडकून पडलं.

म्हणून दोन धडे. एक, ठेव विमा 4 फेब्रुवारी 2020 पासून एका बँकेत एका ठेवीदाराला 5 लाखांपर्यंत आहे, त्याआधी तो 1 लाख होता. धंद्याचा सगळा पैसा एकाच टोपलीत ठेवू नका. दोन, एकच आकडा सुंदर दिसत असेल तर त्याच्या शेजारचा आकडा मागा.

गावाचा पैसा गावात किती?

आता जो आकडा मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे सीडी रेशो.

आपल्या उदाहरणातली गावातली शाखा घ्या. व्यवसाय 40 कोटी. समजा त्यात ठेवी 30 कोटी आणि कर्ज 10 कोटी. म्हणजे गावानं 100 रुपये ठेवले तेव्हा गावाला 33 रुपये कर्ज मिळालं. बाकीच्यातला काही भाग नियमाप्रमाणे रिझर्व्ह बँकेकडे आणि सरकारी रोख्यांत जातो. उरलेला मुख्य कार्यालयामार्फत दुसरीकडे कर्ज म्हणून जातो. ग्रामीण आणि निमशहरी शाखांचा सीडी रेशो 60 टक्क्यांपर्यंत असावा असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना फार पूर्वीपासून सांगितलेलं आहे. जिल्ह्याचा आकडा 40 टक्क्यांखाली गेला तर त्यासाठी जिल्हा पातळीवर खास उपसमिती बसते.

शाखेला तिच्या परिसराच्या संदर्भात मोजायचं, ही कल्पना आपल्याच मातीतल्या माणसाशी जोडलेली आहे. पुण्याचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. त्यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासगटानं 1969 मध्ये क्षेत्रवार नियोजनाची शिफारस केली आणि त्याच वर्षाच्या शेवटी लीड बँक योजना सुरू झाली. प्रत्येक जिल्ह्याला एक अग्रणी बँक, जिनं सगळ्या बँकांना एकत्र बसवून जिल्ह्याच्या गरजेचा हिशेब मांडायचा.

वसईत तर याहून जुनं उदाहरण आहे. 1918 साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकारानं इथे सहकारी पतसंस्था उभी राहिली, तीच आजची बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक. अशा जुन्या पतसंस्थांत देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखायचे. कुणाच्या वाडीत काय पिकतं, कुणाची होडी कितीची, कोण शब्दाचा पक्का, हे मोजायला कागद लागत नव्हता. आज मॅनेजरची दर तीन वर्षांनी बदली होते. तो तुम्हाला ओळखत नाही. तुमची ओळख तुमच्या बँक स्टेटमेंटनं करून द्यायची आहे.

मग ताई नापास का झाल्या?

मी ताईंना सगळी कागदं घेऊन बसवलं. वर्षाची विक्री किती? म्हणाल्या, नऊ लाखांच्या आसपास. वहीत होतं सगळं, दिवसवार. मला वही बघून आनंद झाला. मग पासबुक बघितलं. खात्यात वर्षभरात जमा फक्त अडीच लाख!

बाकीचे? बाजारातली रोकड हातोहात घरखर्चात आणि मालात. आणि ऑनलाईन येणारे पैसे मुलाच्या नंबरवर, कारण क्यूआर कोड मुलाच्या खात्याचा.

आता छोट्या उद्योगाला खेळतं भांडवल किती द्यायचं याचा एक जुना, साधा नियम आहे. पी. आर. नायक समितीच्या शिफारशीतून आलेला. वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या 25 टक्के खेळतं भांडवल लागतं असं धरायचं. त्यातले 20 टक्के बँकेनं द्यायचे, 5 टक्के उद्योजकानं स्वतःचे घालायचे.

ताईंच्या वहीप्रमाणे: 9 लाखांचे 20 टक्के म्हणजे 1 लाख 80 हजार.
ताईंच्या पासबुकाप्रमाणे: अडीच लाखांचे 20 टक्के म्हणजे 50 हजार.

मागणी 2 लाखांची. मॅनेजरच्या डोळ्यांनी बघा. समोरच्या बाईचा धंदा 50 हजारांचा दिसतोय आणि ती चौपट मागतेय. त्याला वही दिसत नाही. दिसली तरी ती त्याच्या फाईलला लावता येत नाही.

आणखी एक गोष्ट. 2 लाखांच्या कर्जाला जवळजवळ तेवढीच कागदं, तेवढीच भेट, तेवढाच पाठपुरावा लागतो जेवढा 20 लाखांच्या कर्जाला. शाखेत माणसं पाच. त्यातून अर्धवट फाईल आली तर ती तळाला जाणारच. यात त्याचा राग धरण्यात अर्थ नाही. त्याचं काम कमी करणारी फाईल द्या, ती वर येते.

तिसरी चूक वेळेची. ताई अर्ज घेऊन गेल्या मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. शाखा तेव्हा वसुलीत आणि वर्षअखेरीत बुडालेली. पण ताईंचा धंदाही बघा. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत सुक्या मासळीला मागणी, लोक अगोटीची खरेदी करतात. म्हणजे माल भरायचा मार्च ते मेमध्ये. त्यासाठी पैसा मार्चच्या सुरुवातीला हातात हवा. म्हणजे अर्ज जानेवारीत हवा. धंद्याचं कॅलेंडर आणि बँकेचं कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवून बघितलं तर हे आपोआप दिसतं.

हंगामी धंदेवाल्यांनो, 90 दिवस लक्षात ठेवा

हे खास किनाऱ्यावरच्या मंडळींसाठी. कॅश क्रेडिट घेतलं आणि सलग 90 दिवस खात्यात काहीच जमा झालं नाही, किंवा जमा झालेलं व्याजालाही पुरलं नाही, तर खातं बिघडलेलं धरलं जातं. बंदीचे 61 दिवस, मग वादळी हवामानाचे पंधरा दिवस, मग गणपती. 90 कधी भरतात कळतही नाही. त्या काळातही थोडं थोडं भरत राहा.

एनपीए व्हायच्या आधी बँक तीन पायऱ्यांवर इशारा नोंदवते. 30 दिवसांपर्यंत पहिली, 60 पर्यंत दुसरी, 90 पर्यंत तिसरी. आणि एकदा खातं एनपीए झालं की एक हप्ता भरून ते सुधारत नाही. थकलेलं मुद्दल-व्याज सगळं भरल्यावरच ते पुन्हा नियमित होतं. म्हणून अडचण दिसली की पहिल्या पायरीवरच शाखेत जाऊन बोला. मॅनेजरला तेव्हा तुमची मदत करण्यात स्वतःचाही फायदा असतो, कारण तुमचं खातं वाचलं तर त्याचं प्रगतिपुस्तक वाचतं.

आता तुम्ही शाखेची परीक्षा घ्या

आपणही ग्राहक आहोत. कुठल्या शाखेत धंद्याचं खातं ठेवायचं हे मोजून ठरवा. एक दिवस जा, वही घेऊन.

1. आत गेल्यापासून काम होईपर्यंत किती मिनिटं? सोमवारी आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यातही बघा.
2. "तुमच्या शाखेतून छोट्या उद्योगांना मुद्रा कर्ज दिलं जातं का?" असं विचारा. उत्तर किती नेमकं येतं ते ऐका. मुद्रात शिशू 50 हजारांपर्यंत, किशोर 5 लाखांपर्यंत, तरुण 10 लाखांपर्यंत, हे तुम्हाला माहीत असू द्या.
3. कागदांची यादी एकदाच पूर्ण मिळते की प्रत्येक फेरीला एक नवीन कागद निघतो?
4. तारण मागतात का? सूक्ष्म आणि लघु उद्योगांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये ही रिझर्व्ह बँकेची सूचना 2010 पासूनची आहे. नम्रपणे आठवण करून द्या.
5. अर्जाची पोच आणि नकाराचं कारण लेखी मिळतं का?

मासळीवाल्यांसाठी अजून एक. किसान क्रेडिट कार्डाची सोय 2018-19 पासून मत्स्यव्यवसायालाही लागू आहे. त्याबद्दल काउंटरवर काय उत्तर मिळतं, तोही शाखेचा एक पेपर समजा.

दोन-तीन शाखांना हे पाच प्रश्न लावा. पण सारख्याला सारखं तोला. गावातली पाच माणसांची शाखा आणि स्टेशनजवळची बारा माणसांची शाखा यांच्याकडून एकाच वेगाची अपेक्षा धरू नका.

आणि मग स्वतःच्या धंद्याची

ताईंची विक्री दोन ठिकाणी होती. शनिवार-रविवार अर्नाळा किनाऱ्यावर पर्यटकांना आणि रोज विरारच्या बाजारात. त्यांना वाटायचं विरारच मोठं, कारण गल्ला तिथे जास्त.

आम्ही हिशेब मांडला. विरारला आठवड्याची विक्री 12 हजार, बसायचे तास 36. किनाऱ्यावर विक्री 6 हजार, तास 12. तासाला विरारला साधारण 333 रुपये, किनाऱ्यावर 500. ताई म्हणाल्या, मग विरार बंद करू? मी म्हटलं थांबा, एकाच आकड्यावर उडी नको, मागच्या वेळी मी तेच केलं होतं. मग दुसरा आकडा बघितला. विरारची गिऱ्हाइकं परत परत येतात, पावसाळ्यातही. किनाऱ्यावरचा पर्यटक पावसाळ्यात कमी होतो. म्हणजे दोन्ही जागा आपापल्या विषयात पास. तिसरी एक गोष्ट होती, लांबच्या एका दुकानात उधारीवर ठेवलेला माल. तिथे तासाला कमाई कमी, पैसे दोन-दोन महिने अडकलेले आणि फुटकळ परतावाही यायचा. कुठल्याही मोजपट्टीनं मागे. ती आमची हायवेलगतची तिसरी शाखा! ती बंद केली.

पुढे काय झालं?

त्या मार्चला कर्ज मिळालं नाही ते नाहीच. तो हंगाम उचलीवरच गेला. ते नुकसान भरून आलं असं मी म्हणणार नाही.

एप्रिलपासून ताईंनी स्वतःच्या नावानं चालू खातं काढलं, क्यूआर कोड बदलला, रोकड दर दोन दिवसांनी खात्यात भरायला लागल्या. उद्यम नोंदणी केली. डिसेंबरपर्यंत नऊ महिन्यांत खात्यात 6 लाख 60 हजार फिरले. वर्षाला धरले तर 8 लाख 80 हजार. त्याचे 20 टक्के 1 लाख 76 हजार आणि स्वतःचे 5 टक्के 44 हजार. ते मोडलेलं 50 हजारांचं एफडी अखेर इथे कामाला आलं.

जानेवारीत अर्ज गेला. एका पानावर धंद्याचं कॅलेंडर, कधी माल भरणार, कधी विकणार, कधी भरणा करणार. फेब्रुवारीत मर्यादा मंजूर झाली, दीड लाखाची. मागितले होते पावणेदोन. ताई फोनवर म्हणाल्या, "थोडे कमीच दिले सर. पण या वर्षी भाव मी सांगणार."

मग हळूच म्हणाल्या, "सर, एक विचारू? तुमच्या चॅनलचं तुम्ही काय मोजता? किती लोकांनी बघितलं, तेच ना?"

मी गप्प झालो. खरंय, तेच मोजत होतो. आता माझ्या वहीत दुसरा रकाना आहे. व्हिडिओ बघून किती जणांनी खरोखर खातं काढलं, हिशेब मांडला, अर्ज केला. हा आकडा पहिल्यापेक्षा फारच लहान आहे. पण महिन्याच्या शेवटी आता मी आधी तोच बघतो.

या आठवड्याचा गृहपाठ

वर्षभराचं बँक स्टेटमेंट काढा. जमा रकमांची बेरीज करा, त्याचे 20 टक्के काढा. शेजारी तुमच्या वहीतल्या विक्रीचे 20 टक्के लिहा. या दोन आकड्यांत जेवढं अंतर, तेवढा तुमचा धंदा बँकेला दिसत नाही. ते अंतर व्हिडिओखाली लिहा. रक्कम लिहायला संकोच वाटत असेल तर नुसतं "दुप्पट", "चौपट" एवढं लिहिलंत तरी चालेल.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत हिशेब चोख ठेवा, धंदा मोठा करा!